राखलेली माणसं

मुलुंड (पूर्व),
१५ नोव्हेंबर १९८१

प्रिय मामा,

सलाम. तुमचं कार्ड येऊन महिना झाला. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते, आणि घरात जे चाललंय ते कार्डावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून आज पाकीट घेऊन बसले.

ऑगस्टमध्ये ह्यांच्या कारखान्यात अपघात झाला, समोरच्या खोलीतले दत्ताराम प्रेसखाली सापडून गेले, हे तुम्हाला कळवलं होतं. एक गोष्ट तेव्हा लिहिली नव्हती. त्या दिवशी त्या प्रेसवर ह्यांची पाळी होती. जयंतीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं म्हणून ह्यांनी दत्तारामांशी पाळी बदलून घेतली होती.

त्यानंतर दोन महिने हे नीट जेवले नाहीत. समोर दत्तारामांची बायको, शेवंतीवहिनी, दारात दिसली की मान खाली घालून जिना उतरायचे. घरात एकच प्रश्न, देवाने मला का राखलं? मी म्हणायचे, ते मला काय माहीत, राखलं ना, आता जगा. ह्या उत्तराने त्यांचं भागलं नाही.

मग घाटकोपरला विद्याधर म्हणून एक गृहस्थ भेटले. बँकेतली नोकरी सोडून ते घरी प्रार्थनेची बैठक चालवतात. त्यांनी ह्यांना सांगितलं की तुला निवडून बाजूला काढलंय. न्यायाचा दिवस जवळ आलाय, जगावर मोठं संकट येणार आहे, आणि देव आपल्या माणसांवर आधीच शिक्का मारून ठेवतोय. त्या दिवसापासून हे जेवायला लागले. सकाळी पवित्र शास्त्र वाचतात, सिगारेट सुटली. मला बरं वाटायला हवं ना? वाटत नाही. आपल्या चर्चमध्ये यायचं त्यांनी बंद केलंय. पाळकसाहेब घरी आले तर त्यांना तोंडावर म्हणाले, तुमची मंडळी झोपलीय.

आमचं लग्न तुम्ही लावलंत. आईनंतर मला विचारायला तुम्हीच आहात. मी काय करू?

जयंती बरी आहे. शेवटची फिट येऊन आता चार वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत.

तुमची,
माणिक

*

पाथर्डी, जि. अहमदनगर
२४ नोव्हेंबर १९८१

चि. माणिक हीस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि गुडघे टेकून देवाचे उपकार मानले. बाळ, तू घाबरून लिहिलंस, पण मला त्यात आनंदाची बातमी दिसली. मधुकरराव सणापुरते चर्चमध्ये येणारे गृहस्थ. आज ते पहाटे उठून शास्त्र उघडतात. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस असाच जागा होतो.

चर्च बदललं म्हणून रुसू नये. नव्याने पेटलेल्या विस्तवाला धूर असतोच. आणि शेवटच्या दिवसांविषयी ते म्हणतात ते काही खोटं नाही. संकट येणार आहे आणि त्यातून देव आपल्या लोकांना राखणार आहे, हे मी स्वतः चाळीस वर्षं शिकवत आलो.

तू शिक्षिका आहेस, तुझी बुद्धी तेज आहे. तिने नवऱ्याचा विश्वास कापू नकोस. शेवंतीबाईंची विचारपूस करत जा. जयंतीला आशीर्वाद.

तुझा मामा,
भाऊराव

*

मुलुंड,
४ जानेवारी १९८२

प्रिय मामा,

सलाम. तुमच्या पत्राने वाईट वाटलं, तरी तुमचं ऐकून महिनाभर गप्प बसले. आता गप्प बसवत नाही.

तारीख ठरलीय. १० मार्च. त्या दिवशी सगळे ग्रह सूर्याच्या एका बाजूला येणार, भूकंप होणार, समुद्र चढणार, असं पेपरात रोज छापून येतंय. विद्याधरांनी ते शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकाला जोडलं. बैठकीतल्या एकाचं मनोरीला घर आहे. शिक्का मारलेल्यांनी तिथे जमायचं, दारं लावून घ्यायची, प्रार्थनेत राहायचं. मी विचारलं, समुद्र चढणार तर समुद्रकाठी कशाला? तर हे म्हणाले, हीच अविश्वासाची भाषा.

नाताळानंतर ह्यांनी राजीनामा दिला. मला चार दिवसांनी कळलं.

त्याहून वाईट सांगते. गेल्या रविवारी शेवंतीवहिनी लाडू घेऊन आली. तिच्याकडे वर्षभर गोडधोड करायचं नाही, म्हणून जयंतीसाठी बाहेरून आणले होते. हे तिला म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. दत्ताराम देवाच्या यादीत नव्हता. मी होतो." तिने लाडू ठेवले आणि गेली. मामा, मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. हे मात्र शांत होते. त्यांना वाटतं आपण तिचं समाधान केलं.

आणि आता जयंतीच्या गोळ्या. विद्याधर म्हणतात, शिक्का मारलेल्या पोरीला गोळी कशाला? देव राखणार की गोळी? ह्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. मी हो म्हटलं, आणि रोज शाळेत जायच्या आधी तिला लपवून देते. अकरा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. काल विचारत होती, आई, आपण बाबांना फसवतोय का?

हे पाप आहे का, एवढंच सांगा. आणि ह्यांना तुम्ही एक पत्र लिहा. ह्या जगात ते तुमचं ऐकतील, दुसऱ्या कुणाचं नाही.

माणिक

*

पाथर्डी,
१६ जानेवारी १९८२

चि. माणिक,

गोळ्या बंद करू नकोस. तो दिवस आणि ती घटका कोणा माणसाला ठाऊक नाही, हे मधुकररावांना योग्य वेळ पाहून सांग. भांडण टाळ. ते घराचं मस्तक आहेत, त्यांचा अपमान होऊ देऊ नकोस.

त्यांना पत्र लिहायला बसलो होतो. माझ्याने लिहवलं नाही. इकडे थंडी फार आहे, हात कापतो. प्रार्थना करतो आहे.

भाऊराव

*

मुलुंड,
१९ फेब्रुवारी १९८२

मामा,

योग्य वेळ आली नाही. ह्यांना गोळ्या सापडल्या. माझ्या पर्सच्या अस्तरात होत्या. ओरडले नाहीत. पाकिटातली एकेक गोळी काढून मोरीत टाकली, वर पाणी ओतलं आणि माझ्या बाजूला बसून माझ्यासाठी प्रार्थना केली. तेव्हापासून शेवंतीवहिनीकडे गोळ्या ठेवल्यात. जयंती रोज तिच्याकडे क्रोशाचं विणकाम शिकायला जाते, असं घरी सांगितलंय. जिला हे असं बोलले, ती रोज माझ्या मुलीला गोळी देतेय.

पण सहा मार्चला मनोरीला जायचं आहे. मी येत नाही म्हटलं तर म्हणाले, जयंतीला घेऊन मी एकटा जाईन. म्हणजे मला जायलाच हवं. तिथे सगळ्यांच्या पिशव्या विद्याधर स्वतः बघतात म्हणे.

तुमच्याकडे मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. थंडीचं उत्तर आलं. लहानपणी मला ताप आला की तुम्ही पाथर्डीहून पायी यायचात. ते मामा कुठे गेले?

माणिक

*

पाथर्डी,
२६ फेब्रुवारी १९८२

माणिक बाळ,

हे पत्र आधी तू वाच, मग मधुकररावांच्या हातात दे. हे मी तुझ्या मामीखेरीज कोणाशी बोललो नाही, आणि ती जाऊन तेरा वर्षं झाली.

माझी रुक्मिणी तापाने गेली असं तुम्हा सगळ्यांना सांगितलेलं आहे. तसं नव्हतं.

सन बेचाळीसचा एप्रिल. जपानने पूर्व किनाऱ्यावर बाँब टाकले होते. मुंबई रिकामी होत होती, आपल्या गावची माणसं बोचकी घेऊन परत येत होती. एक फिरता उपदेशक आला आणि म्हणाला, हाच शेवट. मी एकतीस वर्षांचा, नुकताच प्रचारक झालेलो. मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. सगळं जग बुडणार आणि आपण तेवढे राहणार, ह्यात एक गोडी असते, बाळ. ती मी चाखली आहे.

चौदा कुटुंबं घेऊन मी डोंगरावर गेलो. नऊ दिवस राहिलो. सातव्या दिवशी रुक्मिणीला जुलाब-उलट्या लागल्या. ती पाच वर्षांची होती. मिशनचा दवाखाना खाली तीन मैलांवर होता. तुझी मामी म्हणाली, खाली जाऊ. मी म्हणालो, खाली जाणं म्हणजे देवाचा हात सोडणं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मी तेच उत्तर दिलं. त्यानंतर तिने विचारलं नाही. नवव्या दिवशी सकाळी पोर गेली. बाकीच्या कुटुंबांना मी तापाने गेली एवढंच सांगितलं.

आम्ही खाली आलो. जग जागच्या जागी होतं. पुढच्या रविवारी मी वेदीपाशी उभा राहिलो आणि सांगितलं की येणाऱ्या न्यायाआधी प्रभूने माझ्या मुलीला अलगद उचलून घेतलं. लोक रडले. त्या प्रवचनाने मी नावाजलो. पुढे त्याच प्रवचनासाठी मला गावोगाव बोलावलं गेलं.

मधुकरराव, आता तुमच्याशी बोलतो. संकट येणार नाही असं मी म्हणत नाही. येईल, आणि देव आपल्या लोकांना राखील, हे मी आजही मानतो. पण राखायचं म्हणून तो त्यांचे हातपाय, त्यांची अक्कल, त्यांचा शेजार, त्यांचं औषध हिरावून घेत नाही. ह्याच गोष्टींनी तो राखतो. नोहाने तारू हातांनी बांधलं, फटींत डांबर भरलं, आतल्या जिवांना रोज खायला घातलं. दार लावणं तेवढं देवाकडे होतं. मी उलट केलं. दार मी लावलं आणि बाकीचं देवावर टाकलं.

जानेवारीत पत्र लिहायला बसलो तेव्हा हात थंडीने कापत नव्हता.

भाऊराव

*

मुलुंड,
२२ मार्च १९८२

ती. मामांस मधुकरचा सलाम.

माणिक लिहायला तयार नाही. तिने मला सांगितलं, तुम्हीच लिहा, सगळं लिहा. मला लिहिण्याची सवय नाही. घडलं तसं सांगतो.

तुमचं पत्र दोन तारखेला आलं. माणिकने ते माझ्या हातात दिलं आणि मी वाचून होईपर्यंत समोर उभी राहिली. मी वाचलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा विश्वास ढळला आहे. विद्याधरभाऊंना दाखवलं, तेही तसंच म्हणाले. सहा तारखेला आम्ही मार्व्याहून होडीने मनोरीला गेलो. एकंदर एकवीस माणसं होतो. पिशव्या तपासल्या. माणिकने पोलक्यात एका दिवसाच्या दोन गोळ्या शिवून आणल्या होत्या. त्या जयंतीला दिल्या, पण त्या दिवशीच संपल्या, हे मला नंतर समजलं.

आठ तारखेला, सोमवारी, दुपारी जयंतीला फिट आली. सगळे भोवती बसून प्रार्थना करू लागले. पहिली थांबली. मग लगेच दुसरी आली. ती थांबेचना. तोंड निळं पडलं. माणिक म्हणाली, चला इथून. मी विद्याधरभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, ही शेवटची परीक्षा आहे, दोन दिवस राहिले. मी बसून राहिलो. मामा, मी बसून राहिलो हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. किती वेळ ते सांगता येत नाही. माणिकने पुन्हा म्हटलं, चला. ह्या वेळी हळू म्हणाली. तेव्हा मला तुमच्या पत्रातलं आठवलं, की मामींनी दोनदा विचारलं आणि नंतर विचारलं नाही. माणिकच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, आता ही तिसऱ्यांदा विचारणार नाही.

मी पोरीला उचललं. विद्याधरभाऊ दारात आले. त्यांनी अडवलं नाही, फक्त म्हणाले, "मधुकर, हा उंबरठा ओलांडलास तर शिक्का पुसला जाईल." मी म्हणालो, "पुसू दे."

धक्क्यावर होडी सुटून गेली होती. एक कोळी आपल्या होडीला रंग देत बसला होता. त्याने पोरीकडे एकदा बघितलं, ब्रश टाकला आणि दुसरी होडी पाण्यात ढकलली. नाव विचारायचं राहिलं. पलीकडे रिक्षा मिळाली. मालाडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? माणिक म्हणाली, दोन दिवस. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नर्सला सुई भरायला सांगितली.

जयंती तीन दिवस बेशुद्ध होती. दहा तारीख कधी आली, कधी गेली, मला समजलं नाही. अकराला संध्याकाळी तिने डोळे उघडले. ओळखते, बोलते, पण शब्द सापडायला वेळ लागतो, आणि उजव्या हाताची मूठ मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायामाने सुधारेल, पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही.

आता शेवंतीवहिनींचं. नऊ तारखेला सकाळी त्या पेजेचा डबा घेऊन वॉर्डात आल्या. माणिकने आमच्या शेजारच्या दुकानात फोन केला होता, त्यावरून कळलं. पुढे रोज येत राहिल्या. मी बाहेरच्या बाकावर असायचो. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर डबा ठेवला. मला तोंड वर करवेना. म्हणालो, वहिनी, मी तुम्हाला जे बोललो ते... त्या बाजूला बसल्या. त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "भावजी, तुमी वाचलास म्हणान तो मेलो, असा नाय. आनि तो मेलो म्हणान तुमी देवाचे लाडके, असाय नाय. आता पेज जेवा, निवता हा."

सात महिने मी ज्या प्रश्नाने जळत होतो, त्याचं मला एवढंच उत्तर मिळालं. मी पेज जेवलो.

तुमचा,
मधुकर

*

मुलुंड,
२९ मार्च १९८२

मामा,

ह्यांनी सगळं लिहिलं का ते मी पाहिलं. लिहिलं आहे.

परवा विद्याधर येऊन गेले. म्हणाले, तारीख चुकली नाही, देवाने मुदत वाढवलीय, परत या. ह्यांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मुलीच्या व्यायामाची वेळ झाली म्हणून आत निघून आले. विद्याधर थोडा वेळ एकटेच बसले. जाताना मला जरा वाकलेले वाटले. त्यांची मला कीव आली, राग येईल असं वाटलं होतं. राग दुसऱ्याच माणसांवर आहे.

ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलते. ते रोज सकाळी जयंतीचा हात हातात घेऊन एकेक बोट मिटवतात, उघडतात, तासभर. मी बघते. कधीतरी जाईल माझा राग. अजून गेलेला नाही.

आणि तुमच्यावर. तुम्ही ते पत्र फेब्रुवारीच्या शेवटी लिहिलंत. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला माहीत होतं. जानेवारीत मी पदर पसरला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा लिहिलं असतंत तर हे मनोरीला गेलेच नसते, असं मी म्हणू शकत नाही. पण मला रोज तेच वाटतं. तुमच्या पत्राने जयंती वाचली हे खरं. तुमच्या उशिराने तिचा हात गेला, हेही मला खरंच वाटतं. दोन्ही घेऊन मी कुठे जाऊ?

देव आपल्या लोकांना राखतो, असं तुम्ही लिहिलंत. मग रुक्मिणीला का नाही राखलं? मी वर्गात मुलांना सांगते, येत नसेल तर येत नाही म्हणा. तुम्हीही तसंच सांगा. थंडीचं सांगू नका.

माणिक

*

पाथर्डी,
६ एप्रिल १९८२

माणिक बाळ,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. चाळीस वर्षं शोधलं, सापडलं नाही. आणि उशिराविषयी तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मला माझं नाव जपायचं होतं. त्याची किंमत तुझ्या मुलीच्या हाताने दिली. ह्यावर क्षमा मागणं मला सोपं वाटतं, म्हणून कागदावर मागत नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. परवाच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि रुक्मिणीचं खरं सांगितलं. पाठ केलेलं काही नव्हतं, पाचसात वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं लोक उठून जातील. कोणी उठलं नाही. कोणी चकितही झालं नाही. ते मला समजेना.

उपासना सुटल्यावर विमलाबाई काठी टेकत माझ्याजवळ आल्या. तू त्यांना ओळखतेस, मिशनच्या शाळेत शिपाईण होत्या. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्या डोंगरावर त्याही होत्या. त्यांच्या तान्ह्या पोरालाही तेच दुखणं लागलं होतं, आणि आठव्या दिवशी त्या मला न सांगता त्याला घेऊन खाली दवाखान्यात गेल्या. तो मुलगा आज नगरला एस.टी.त आहे.

मी म्हणालो, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच माहीत होतं, भाऊराव. तुमच्या बायकोनं आम्हाला बोलावून सांगितलं होतं. म्हणाली, हा माणूस एकटा डोंगराकडं जायला लागलाय. ह्याला एकटं सोडू नका. आम्ही तुमचं प्रवचन ऐकायला येत नव्हतो. तुमच्यावर लक्ष ठेवायला येत होतो."

बाळ, बेचाळीसच्या पावसाळ्यात मी तीनदा त्या डोंगराच्या कड्यावर गेलो होतो. तिन्ही वेळा वाटेत कोणीतरी भेटलं. कोणाची शेळी हरवलेली, कोणाला सरपण हवं. मी वैतागून त्यांच्याबरोबर परत आलो. तुझी मामी गेल्यावर तेरा वर्षं रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरून मला भाकरी येते, आणि आणणारा अर्धा तास बसल्याशिवाय जात नाही. मी समजत होतो, पाळकाचा मान आहे. चाळीस वर्षं मी म्हणत आलो की ही मंडळी मी राखली.

ह्याने रुक्मिणीचा हिशेब लागत नाही. जयंतीच्या हाताचाही नाही. पण देव राखतो हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं, आणि कसं राखतो ते मला रविवारी कळलं. माझा न्याय त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच केला होता. त्यानंतर त्यांनी मला राखलं.

पुनरुत्थानाचा सण झाला की सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे. विमलाबाईंचा मुलगा मला कल्याणपर्यंत सोडणार आहे, पुढे मुलुंडला मी येतो. तू घरात घेतलंस तर येईन. नाही म्हणालीस तर तेही मला मान्य आहे, मी जिन्यात बसेन. पण जयंतीला माझ्या तोंडाने सांगायचं आहे की तिला एक मावशी होती, ती पाच वर्षांची होती, आणि ती तापाने गेली नाही.

तुझा मामा,
भाऊराव